खानझोडे सरांचं वाळवंट

चारुदत्त खानझोडे सर बावीस वर्षं सातवीला भूगोल शिकवत होते, आणि दरवर्षी वाळवंटाचा धडा आला की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. पिवळा खडू आडवा धरून एका फटकाऱ्यात ते फळ्यावर वाळूची टेकडी काढत. चंद्रकोरीसारखी, दोन्ही शिंगं वारा जातो त्या बाजूला वळलेली. मग निळ्या खडूने वाऱ्याचे बाण, कोपऱ्यात एक उंट, आणि वर तापलेला सूर्य. रायपूरच्या त्या शाळेत सरांचं वाळवंट नावाजलेलं होतं. आठवी-नववीतली पोरंसुद्धा जाता जाता दारातून डोकावून जायची.

यंदा ऑक्टोबर संपता संपता उंटाची शेपटी काढून ते वळले, तर पहिल्या बाकावरच्या खिलेश्वरी साहूचा हात वर होता. पोरगी बोलायची कमी. पण बोलली की नेमकं बोलायची.

"सर, आप गए हैं रेगिस्तान?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळच होतं. सर पश्चिमेला शेगावच्या पलीकडे कधी गेले नव्हते. पण हातात खडू, मागे एवढं झोकदार वाळवंट, समोर चौतीस चेहरे. तोंडातून निघून गेलं, "हां, गया हूं न."

वर्गात एकदम कल्ला झाला. "फोटो, सर! फोटो दिखाइए!"

"जनवरी में दिखाऊंगा," सर म्हणाले. हा जानेवारी कुठून आला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

सरांची मुलगी ईरा त्याच शाळेत, सातवी 'ब'मध्ये होती. शाळेत बातमीला पाय नसतात, पंख असतात. गुढियारीतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात रात्रीची पानं वाढली जात होती, खाली मालगाडीचे डबे एकमेकांना धडकत होते, आणि ईराने विचारलं, "पापा, आप डेजर्ट कब गए थे?" तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर मात्र ती हिंदीतच द्यायची.

सरांची बायको ऋता हिचा वरणाचा डाव हवेतच थांबला. "कोण गेलं होतं? हे?"

"लग्नाच्या आधी," सर ताटाकडे बघत म्हणाले.

"लग्नाच्या आधी तुम्ही कुठं कुठं गेले ते सासूबाईंनी मले तोंडपाठ करून दिलं आहे. त्यात वाळवंट नाही." ऋता आता हसायलाच लागली. "अहो, पचमढीच्या घाटात तुम्हाले गाडी लागली होती. वाळवंटात उंटावर बसून काय केलं असतं!"

सरही हसले. आणि मग त्यांनी वर्गातली सगळी हकिकत सांगून टाकली. ऋताला गंमत वाटली. ईराला वाटली नाही. ती भाताचा घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"तो आपने झूठ बोला? क्लास में?"

"अगं, झूठ म्हणजे... हिवाळ्याच्या सुट्टीत जाऊन येतो. म्हणजे मग खरंच होईल ते."

"वा!" ऋता म्हणाली. ती नव्या रायपूरला मंत्रालयात नोकरीला होती आणि कागदाच्या बाबतीत तिची जीभ धारदार होती. "आधी दाखला द्यायचा, मग माणूस जन्माले घालायचा. आमच्या ऑफिसात असं कोणी केलं तर त्याले घरी बसवतात."

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर जैसलमेरचा नकाशा टेबलावर पसरून बसले, तेव्हा तीच चहाचा कप घेऊन शेजारी आली. म्हणाली, "तीन तिकिटं काढा. तुम्हाले एकट्याले सोडलं तर तिकडून आणखी काहीतरी कबूल करून याल."

असा बेत ठरला. जैसलमेरजवळचं वाळवंटाचं राष्ट्रीय उद्यान. जोधपूरपर्यंत एक गाडी, तिथून पुढे दुसरी. मुक्काम तीन रात्री. एका संध्याकाळी वाळूच्या टेकड्यांवर पायी फिरायचं, एका सकाळी उद्यानात वाटाड्याबरोबर पाच-सहा किलोमीटर चालायचं, आणि भरपूर फोटो काढायचे. सरांनी वहीत दोन रकाने पाडले: 'नेण्याच्या वस्तू' आणि 'करायची तयारी'. पहिला रकाना दोन दिवसांत पानभर झाला. दुसऱ्यात एकच शब्द होता: 'चालणे'.

कॅमेऱ्यासाठी ते श्रीपादकडे गेले. श्रीपाद त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. गोल बाजारच्या एका बोळात त्याचा स्टुडिओ होता, आणि निम्म्या रायपूरच्या लग्नांचे अल्बम त्याच्या हातचे होते. त्याने कपाटातून आपला जुना कॅमेरा आणि दोन लेन्स काढून दिल्या, वर तासभर उपदेशही केला.

"हे बघ, भर दुपारी वाळूचा फोटो काढशील तर तो पापडाचा फोटो दिसते. सपाट. सूर्य खाली असला पायजे. सावल्या आडव्या पडल्या की मग वाळूले अंग येते. समजलं?"

"समजलं."

"आन वारा सुटला असला तर लेन्स बदलू नको. एक कण आत गेला तर कॅमेरा कामातून गेला. आन फोटो काढायची घाई करू नको. नवरीपेक्षा वाळू बरी, ती थांबते."

गोल बाजारातच मग ऋताबरोबर खरेदी झाली. घोट्यापर्यंतचे बूट, तीन गमछे, पाण्याच्या मोठ्या बाटल्या, कॅमेरा गुंडाळायला मेणकापड. सरांनी वीस मीटर दोरखंडही मोजून घेतला होता.

"दोर कशाले?"

"समजा कोणी फसलं."

"वाळूत? तिथं काय दलदल आहे काय?" ऋताने दोर दुकानदाराला परत दिला आणि त्या जागी खजूर घेतले. सर म्हणाले, खजूर तर तिकडेच मिळतात. ऋता म्हणाली, तिकडे पोचेपर्यंत काय खायचं?

आता चालणं. सर गेली कित्येक वर्षं घर ते स्कूटर आणि स्कूटर ते स्टाफरूम एवढंच चालत आले होते. एका रविवारी सकाळी ते नव्या रायपूरला गेले. तिथले रस्ते रुंद, झाडलेले आणि रिकामे. पाठीवर आठ किलोची बॅग, पायात नवे बूट, डोक्याला गमछा. चार किलोमीटर त्यांनी मोठ्या ऐटीत कापले. वाटेत एका चौकीदाराने सायकल थांबवून काळजीने विचारलं, "भैया, गाड़ी खराब हो गई क्या?" त्या रस्त्यावर पायी चालण्याचं दुसरं कारण त्याला सुचणं शक्यच नव्हतं.

ही बहादुरी श्रीपादला सांगितली, तर तो म्हणाला, "डांबरावर तर कोणीही चालते बे. वाळूत चालून बघ." मग स्वतःच म्हणाला, "चाल, आरंगले जाऊ. महानदी उघडी पडली असन आता."

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी पहाटे श्रीपादच्या गाडीतून ते तिघं निघाले: श्रीपाद, सर आणि मागच्या सीटवर ईरा. ती का आली हे सरांना समजलं नाही. त्या रात्रीपासून ती त्यांच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. फी भरायची आहे, सही पाहिजे, असं. पहाटे ते बूट घालत होते, तर ही तयार होऊन दारात उभी. "मैं भी चलूंगी," एवढंच.

पावसाळ्यात समुद्रासारखी दिसणारी महानदी आता एका कडेला सरून वाहत होती आणि बाकीचं सगळं पात्र उघडं पडलं होतं. नजर पोचेल तिथवर वाळू. सर मोठ्या उत्साहाने उतरले आणि शंभर पावलांत त्यांना सगळा भूगोल आठवला. पाय टाकला की टाच आत जाई. काढला की अर्धं पाऊल मागे येई. बुटात वाळू, मोज्यात वाळू. बॅगचे पट्टे खांद्यात रुतले. पाव किलोमीटरवर ते थांबले, तेव्हा त्यांच्या छातीचा भाता झाला होता. ईरा बूट हातात घेऊन अनवाणी त्यांच्या पुढे निघून गेली होती.

"बॅग खाली ठेव," श्रीपाद म्हणाला. "आन आडवा हो. पोटावर. ते बघ, सूर्य येऊन राहिला."

सर आडवे झाले. कोपरं वाळूत रोवून त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि त्यांना जे दिसलं त्याने ते दम लागल्याचंही विसरले. वाऱ्याने वाळूवर पाडलेल्या बारीक लाटा कोवळ्या उन्हात एकेक करून उठून दिसायला लागल्या होत्या. प्रत्येक लाटेची एक बाजू मधासारखी, दुसरी निळसर. त्यांनी फोटो काढला. मग आणखी एक. मग सरकत सरकत अजून पंधरा-वीस. उठले तेव्हा पुढची सगळी बाजू वाळूने माखली होती.

श्रीपादने कॅमेरा हातात घेऊन एकेक फोटो पाहिला आणि एका फोटोवर थांबला. मग शिटी वाजवली.

"चारू, हे तर पक्कं थार आहे बे."

"खरंच?"

"पाणी नाही, पूल नाही, माणूस नाही. कोणाले समजते? हा फोटो दाखवून दे वर्गात. काहाले तीन दिवस गाडीत हाडं मोडून घेतं? तिकीट रद्द कर आन सुट्टीत आराम कर."

श्रीपाद हसत हसतच बोलला होता. पण सरांनी तो फोटो पुन्हा पाहिला, आणि त्यांच्या पोटऱ्यांनी, खांद्यांनी, बुटातल्या वाळूने सगळ्यांनी एकदम श्रीपादच्या बाजूने मत दिलं. खरंच, कोणाला कळणार होतं?

"बघू," ते म्हणाले.

ईरा चार हातांवर उभी होती. ती गाडीकडे चालायला लागली.

तिकिटं काही रद्द झाली नाहीत, पण वहीतला बेत पुढे सरकेनासा झाला. सर ऋताला म्हणू लागले, तिकडे डिसेंबरात थंडी फार असते म्हणतात. माझा गुडघा जरा कुरकुरून राहिला आहे. ऋता म्हणाली, बरं. तिला नवऱ्याचा गुडघा बावीस सांगाड्यांत ओळखता आला असता, आणि तो ठणठणीत होता.

इकडे वर्गाला दम नव्हता. रोज कोणीतरी विचारायचंच, "सर, एक तो दिखा दीजिए!" डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सर पेनड्राइव्ह खिशात घालून वर्गात गेले. महानदीचा तो फोटो दाखवून आपण काय बोलणार, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. म्हणजे दोन्ही ठरवलं होतं. 'ओळखा बघू, ही जागा कोणती?' असं विचारून हसत हसत खरं सांगायचं, हे एक. काहीच बोलायचं नाही, हे दुसरं.

पडद्यावर फोटो आला आणि वर्गातून एक लांबलचक "ओऽऽ" निघाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सरांना आयुष्यात कोणत्या चित्रासाठी अशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या. ते उभे राहिले, हसत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. दुसरं ठरवलेलं होऊन गेलं.

टाळ्या थांबल्यावर खिलेश्वरी उठून उभी राहिली. तिने पुढे येऊन पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"सर, ये जो सफेद-सफेद है, ये कांसी है न? मेरे मामा गांव में नदी के किनारे यही रहती है."

सरांनी पाहिलं. डाव्या कोपऱ्यात, लाटांच्या कडेला, कासाच्या गवताचे दोन वाळके तुरे उन्हात चमकत होते. फोटो काढताना ते त्यांना दिसले होते. शोभा येते म्हणून त्यांनीच चौकटीत घेतले होते.

उत्तरं पुष्कळ होती. वाळवंटातही गवत असतं, हे तर पुस्तकातच होतं. वर्गाने डोळे मिटून मानलं असतं. पण सरांची नजर त्या पोरीच्या चेहऱ्यावर गेली. तिथे संशयाचा लवलेशही नव्हता. मामाच्या गावचं गवत एवढ्या लांब वाळवंटात भेटलं म्हणून ती नुसती हरखली होती. आणि आपण आता 'हां' म्हटलं, तर ही पोरगी जन्मभर एक चुकीची गोष्ट खरी म्हणून बाळगणार, आपण शिकवलं म्हणून.

सर खुर्चीत बसले. वर्गात ते कधी बसत नसत.

"सही पकड़ा बेटा," ते म्हणाले. "कांसी ही है. ये आरंग की महानदी है. मैं रेगिस्तान कभी गया ही नहीं. उस दिन झूठ बोला था."

मग शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मतलब सर, इतने साल से बिना देखे ही?" आणि सगळा वर्ग फुटला. हसण्याचा असा लोट आला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारापर्यंत येऊन गेल्या. सरांचे कान लाल झाले होते, पण छातीवरून एक पोतं उतरल्यासारखं वाटत होतं. मग तेही हसले.

खिलेश्वरी अजून उभीच होती. "तो अब जाएंगे न?"

"जाऊंगा. टिकट है."

"फिर हमारे सवाल ले जाइए."

त्या तासाला धडा झाला नाही. वहीचं पान फाडून एकेकाने आपला प्रश्न लिहिला. रात्री वाळू किती थंड होते? तिकडच्या शाळेला पावसाची सुट्टी मिळते का? वाळूत पावलं किती वेळ टिकतात? टेकडीच्या वाऱ्याकडच्या बाजूने चढायला सोपं, की दुसऱ्या? एकाने विचारलं होतं, तिकडच्या लोकांना नदीचा कंटाळा येतो का, जसा आम्हाला धुळीचा येतो? एकतीस प्रश्न झाले.

घरी गेल्यावर सरांनी वही उघडली आणि पहिला रकाना नव्याने लिहिला. थर्मामीटर. मोजपट्टी. वाळूसाठी झाकणाच्या छोट्या डब्या, आणि डब्यांवर लावायला चिठ्ठ्या. ऋताने मागून वाकून वाचलं. "आता ही यादी माणसाने केल्यासारखी दिसते," ती म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"वाटलंच मले."

दार ढकलून ईरा आत आली. सातवी 'अ'ची बातमी 'ब'मध्ये सर स्टाफरूमला पोचायच्या आधीच पोचली होती. तिने दप्तरातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि वहीवर ठेवला.

"पापा, हमारे सेक्शन के भी सवाल हैं. और हमारे ज्यादा अच्छे हैं."

मग ती टेबलावर चढून बसली आणि जैसलमेरचा नकाशा स्वतःकडे ओढून घेतला.

तेवीस डिसेंबरला तिघं निघाले. गाडी लांबचीच होती, हाडं मोडली, खजूर जोधपूरच्या आत संपले. वाळूच्या टेकड्यांवरची संध्याकाळ छान झाली. वाऱ्याकडच्या बाजूने चढायला सोपं, हे ईराने तीनदा चढून सिद्ध केलं, आणि सरांनी एकदा दुसऱ्या बाजूने चढून मान्य केलं.

उद्यानातली सकाळ मात्र निराळी निघाली. सरांना वाटलं होतं, इथेही वाळूच वाळू असेल. पण पायाखाली निम्मे दगडगोटे, मधून मधून खुरटी झुडपं, आणि बाकी सगळं पिवळ्या गवताचं मैदान. वाटाड्या सांगत होता, टेकड्या थोड्याच भागात आहेत. वाळवंट जास्त करून असंच असतं. सर थांबून थांबून लिहून घेत होते. ऋता गमछा कानाला गुंडाळून पुढे चालत होती आणि चहा कुठे मिळेल याची चौकशी करत होती.

अचानक वाटाड्याने हात आडवा केला. "गोडावण!"

माळढोक. उंच, तपकिरी पाठीचा, आता मोजकाच उरलेला पक्षी. फार लांब, गवताच्या कडेला, काहीतरी हललं. जवळ जायची मनाई होती. सर पोटावर आडवे झाले, श्वास रोखला आणि फोटो काढला. तेवढ्यात ते जे काही होतं ते गवतात गेलं.

तिघांची डोकी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर जमली. मैदान, आकाश, आणि मध्ये तिळाएवढा एक ठिपका.

"ये तो झाड़ी है," ईरा म्हणाली.

"झुडूप हलते का?"

"हवा से हिलता है, पापा."

"मले तर ती बकरी वाटून राहिली," ऋता म्हणाली.

वाटाड्या शपथेवर सांगत होता की गोडावणच आहे. सरांनी फोटो चारदा मोठा करून पाहिला. ठिपका मोठा झाला, पण पक्षी झाला नाही. मग ते एका दगडावर बसले, वही मांडीवर घेतली आणि त्या फोटोखाली वर्गासाठी ओळ लिहिली: 'वाटाड्याच्या मते माळढोक, ईराच्या मते झुडूप, ईराच्या आईच्या मते बकरी. मला नक्की माहीत नाही.'

"बकरी पहले लिखिए," ईरा खांद्यावरून वाचत म्हणाली, "नहीं तो मम्मी चाय नहीं पीने देगी."

सरांनी बकरी वर घेतली.